वाढत्या अंगाची पिशवी

समजा, चार महिन्यांच्या बाळासाठी झोपेची पिशवी तुम्हाला निवडायची आहे. हार्लिंगनच्या बंदरामागचं दुकान, दांडीवर ओळीने टांगलेल्या पिशव्या. बाह्या नाहीत, पाय नाहीत. मान आणि हात बाहेर काढायला तीन भोकं, पुढे चेन, खाली बंद. बाळाला आत घालून चेन ओढली की पांघरूण लागत नाही, आणि कितीही लाथा मारल्या तरी ते उघडं पडत नाही. लेबलवर उबेचा आकडा असतो, त्याला टॉग म्हणतात. उन्हाळ्याला कमी, हिवाळ्याला जास्त. तुम्ही काय बघाल? कापड आतून मऊ आहे का, चेनचं टोक हनुवटीला टोचेल का, बाळ झोपतं ती खोली किती गार असते.

हिस्के यातलं काहीच बघत नव्हती. यातली कुठली पिशवी कारोलीनच्या पिशवीवर मात करेल, एवढंच तिला हवं होतं.

कारोलीन म्हणजे तिची विहीण, जावयाची आई. आमच्याकडे नातवंडांसाठी आज्यांचे वार ठरलेले असतात. हिस्केची लेक नीन्के आणि जावई ब्राम कामावर गेले की छोटा सीबे मंगळवारी हिस्केकडे आणि गुरुवारी कारोलीनकडे असायचा. हिस्के हार्लिंगनची, तेव्हा इथल्या बोलीतली आजी, म्हणजे बेप्पे. कारोलीन देशाच्या पश्चिमेकडून येऊन लेउवार्डनच्या नव्या वसाहतीत राहिलेली, म्हणून ती तिकडची आजी, ओमा. बाळाला आधी ओमा म्हणता येणार की बेप्पे, याचाही हिस्केने विचार करून ठेवला होता. ओमा म्हणायला ओठ एकदाच मिटावे लागतात. हेही तिला आवडलं नव्हतं.

हिस्के अशी आजी झाल्यावर झाली असं नाही. तिने उभं आयुष्य कालव्यावरचा पूल उघडण्यात काढलं. शिडाची बोट आली की पुलाजवळच्या केबिनमधून घंटा वाजवायची, अडसर खाली सोडायचे, आणि डॉक्टर असो की महापौर, सगळे सायकलला टेकून तिच्या पुलासमोर थांबायचे. पुढे दूरच्या कुठल्याशा इमारतीत पडद्यासमोर बसलेला माणूस तिचा पूल उघडू लागला. हिस्के रोज तिथे जाऊन उभी राहायची आणि पूल सावकाश उघडला की म्हणायची, "बघा, झोपलाय तिकडे." पूल लवकर उघडला तर काही न बोलता घरी यायची.

दर गुरुवारी दुपारी घरच्या ग्रुपवर कारोलीनचा फोटो यायचा. सीबे पाठीवर, दोन्ही हात डोक्याच्या बाजूला टाकून गाढ झोपलेला. अंगात राखाडी पिशवी, छातीवर निळा देवमासा. खाली एकच ओळ: "आमचा कप्तान."

"आमचा म्हणे," हिस्के फोनला म्हणायची आणि दोन बोटांनी फोटो मोठा करून लेबल वाचता येतं का ते बघायची.

मंगळवारी तिच्याकडे हाच कप्तान जहाज बुडाल्यासारखा रडायचा. ती त्याला जुन्या पद्धतीने, चादर आणि लोकरी ब्लँकेट गादीखाली घट्ट खोचून झोपवायची. दोन मिनिटांत ब्लँकेट पायथ्याशी. दुपारी झोप नाही म्हणून रात्री घरी रडारड. शेवटी एका मंगळवारी बाळाला न्यायला आलेली नीन्के कोट न काढताच म्हणाली, "आई, रागावू नकोस. पुढच्या मंगळवारीही नाही झोपला, तर हाही वार कारोलीनकडे ठेवू या का? तिकडे झोपतो गं तो."

"तिकडे जमिनीखालून गरम पाणी फिरतं. तिथे फर्निचरसुद्धा झोपेल."

"आई."

"बरं. पुढच्या मंगळवारी बघ तू."

म्हणून ती दुकानात उभी होती.

"खोलीत तापमान किती असतं?" दुकानातल्या मुलीने विचारलं.

"थंड असतं. झोपायची खोली आहे."

"म्हणजे किती?"

"माझा नवरा, दौवे, होता तेव्हा टोपी घालून झोपायचा. खिडकी मी बंद करत नाही, बर्फ पडला तरी. खोलीला श्वास लागतो."

मुलगी हसली आणि तिने जाड पिशव्यांकडे बोट केलं. "मग या. आणि माप हे. या वयाला एवढं पुरे."

हिस्केने ती पिशवी अंगापासून लांब धरून पाहिली. "आखूड आहे. वसंतापर्यंत पाय टेकतील. याच्यावरचं माप दाखव. त्याच्याही वरचं."

"मान बघा हं, काकू. भोक मोठं नको. बाळ आत घसरतं."

"सीबे आमच्या घराण्यातला आहे. आमची डोकी मोठी असतात." आणि मग, मुलीला पटलं नाहीसं दिसल्यावर, "आमच्यात सगळं वाढत्या अंगाचंच घेतात. माझ्या लग्नातला कोटसुद्धा वाढत्या अंगाचा होता, अजून वापरते."

खरं कारण तिने सांगितलं नाही. देवमाशाची पिशवी वसंतात तोकडी होऊन खोक्यात जाईल आणि तिची पिशवी पुढच्या हिवाळ्यातही सीबेच्या अंगावर असेल, हे चित्र तिला फार गोड वाटलं होतं. पिशवी लाल होती आणि तिच्यावर जहाज होतं. देवमासा जहाजाला घाबरतो, असं तिने मनात ठरवून टाकलं.

मंगळवारी सकाळी नीन्के बाळाला सोडून गेली. जेवण झाल्यावर हिस्केने सीबेला लाल पिशवीत घातलं, चेन ओढली, पलंगात ठेवलं. खालची अर्धी पिशवी रिकामी, सपाट पडली होती. तो थोडा कुरकुरला, मग गप्प झाला. ती दार लोटून बाहेर येऊन बसली आणि ऐकू लागली. काही आवाज नाही. खिडकीतून बंदरातल्या डोलकाठ्यांची टणटण तेवढी येत होती.

तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. गुरुवारपर्यंत थांबायची गरज नव्हती, फोटो आजच जाणार होता. खाली काय लिहायचं तेही ठरलं: "आमचा खलाशी." फोन घेऊन ती पाय न वाजवता आत गेली आणि पडद्यात बघून नेम धरला.

पडद्यात चेहरा नव्हता. लाल गळ्यातून केसांचा एक झुबका वर आला होता, बस.

फोन कुठे पडला ते तिला कळलं नाही. चेन उघडून तिने त्याला बाहेर काढलं. तो जागा होता. एक हात आत ओढून घेऊन पिशवीची किनार चोखत बसला होता, तोंड लाल, मान घामेजलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खेळ मोडल्याबद्दल भोकाड पसरलं. तिने त्याला छातीशी घट्ट धरलं. खिडकीसमोर उभी राहून ती त्याचा श्वास ऐकत राहिली, तो ओरडतोय म्हणजे सगळं ठीक आहे हे कळत असूनही.

मग दोघांचे डोळे पुसून तिने ती पिशवी खुर्चीवर टाकली आणि विचार करू लागली. ब्लँकेट आता नको होतं. त्याला पुन्हा दिसेनासं होताना बघायचं नव्हतं. उघडा ठेवला तर खोली गार. आणि तो झोपायलाच हवा होता. जगात एकच पिशवी अशी होती जिच्यात तो नक्की झोपतो, आणि ती लेउवार्डनला होती.

फोन पलंगाखाली सापडला. तिने नंबर लावला.

"कारोलीन, मी हिस्के. तुमची ती पिशवी आज लागते का तुम्हाला?"

"देवमाशाची? नाही. का गं, काय झालं?"

"काही नाही. माझी जरा मोठी निघाली."

मग कारोलीन म्हणाली, "पुढची गाडी पकडते."

ती आली तेव्हा तिच्या गळ्यात ती राखाडी पिशवी मफलरसारखी गुंडाळलेली होती. तिने खुर्चीवरची लाल पिशवी उचलली, गळ्याच्या भोकातून स्वतःची मूठ घातली, मग कोपर घातलं. हिस्केने खिडकीबाहेर पाहिलं.

"बोला ना," हिस्के म्हणाली. "मोठी आहे म्हणा."

"मी काय बोलणार? ब्रामला मी पहिले बूट घेतले ते त्याच्या बापाला झाले असते." तिने लाल पिशवी खाली ठेवली. "आणि मला अहोजाहो करू नकोस, किती वेळा सांगितलंय. बाप रे, या खोलीत माणसं झोपतात?"

"जिवंत माणसं झोपतात."

सीबेला देवमाशात घालून चेन ओढली. गळा बरोबर मानेशी बसला, दोन बोटं जातील एवढाच. त्याने गाल कापडावर घासला, एकदा जोरात श्वास घेतला, आणि झोपला. खिडकी उघडी, डोलकाठ्यांची टणटण, खोलीत फर्निचरसुद्धा काकडत असेल असा गारवा, तरी झोपला. हिस्केला आनंद व्हायला हवा होता. ती कारोलीनच्या मोकळ्या झालेल्या गळ्याकडे बघत होती.

स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा उघडला, कारोलीनने एक घेतलं, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे हिस्केने लगेच झाकण लावलं.

"ती गळ्यात का घातली होती?"

"गाडीत गार वाजत होतं." कारोलीनने बिस्किट मोडलं. "खरं म्हणजे नेहमीच घालते. बुधवारी संध्याकाळपासून. झोपतेही तशीच. सकाळी त्याच्या अंगात घालायची तेव्हा तिला माझा वास लागलेला असतो. माझ्या आईने असंच केलं होतं ब्रामसाठी, ब्लँकेटचं."

"म्हणजे तो पिशवीमुळे झोपत नाही."

"पिशवीमुळेही झोपतो."

"तुझ्यामुळे झोपतो," हिस्के म्हणाली. अहोजाहो गेलं होतं, पण ते लक्षात येण्याइतकं दोघींचं मन तिथे नव्हतं. "माझ्या घरात, माझ्या पलंगात, माझ्या वारी. तुझ्यामुळे."

कारोलीनने यावर कॉफी प्यायली. मग म्हणाली, "तुझ्याकडे डोलकाठ्या ऐकून आला की गुरुवारी माझ्याकडे तो कान टवकारून खिडकीकडे बघतो. माझ्या खिडक्या उघडतच नाहीत, नवीन घर आहे ना. तेव्हा मला काय वाटतं ते मी तुला विचारायला येते का?"

डबा पुन्हा उघडला गेला नाही. पण संध्याकाळी नीन्के आली तेव्हा कारोलीन अजून तिथेच होती, अंगात हिस्केचा लग्नातला कोट घालून. हिस्केने लेकीला सगळं सांगितलं: मोठं माप, मुलीने दिलेली सूचना, पडद्यातला केसांचा झुबका. नीन्केने लाल पिशवी हातात घेऊन गळा ताणून पाहिला. सीबे तेव्हा जागा होऊन, भरपूर झोपून, कोणालाही बघून हसत होता.

"ही आजच्या आज बदलून आण," नीन्के म्हणाली. "त्याच्या मापाची. मंगळवार तुझाच आहे, आई. पण पुन्हा काही असं झालं तर आधी मला सांगायचं."

"तुलाच सांगितलं ना."

"हिलाही सांगितलंस," नीन्के कारोलीनकडे मान वळवून म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

दुकान बंद व्हायच्या आत हिस्के पोचली. त्या मुलीने पिशवी घेतली आणि पहिल्यांदा दाखवलेलं माप काढून दिलं. या मापात जहाजाची नव्हती. एक होती हिरवी, नुसती, काहीही चित्र नसलेली. हिस्केने गळ्यातून दोन बोटं घालून पाहिली आणि चेन वरखाली केली. मग ती पिशवी तिथेच, दुकानात, आपल्या मानेभोवती गुंडाळली.

"गुंडाळून नेणार, काकू?"

"पुढच्या मंगळवारपर्यंत अशीच." ती दारापर्यंत गेली आणि परत आली. मुलगी दिवे मालवत होती. "तुला एक विचारू? तुझ्याकडे इतकी बाळं येतात. बाळाला एका वेळी दोन माणसांचा वास आपला वाटू शकतो का, की एक आला की दुसरा जातो?"