भासऱ्याचं कार्ड

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हा मी तिथल्या एका ठेकेदाराच्या पत्र्याच्या दवाखान्यात नर्स होते. सिरिंजा उकळायच्या, सुया घासून धारेला लावायच्या आणि टोचायच्या, एवढंच आयुष्य. पेनिसिलिन देण्याआधी, ते अंगाला सोसतं का बघायला, एक थेंब कातडीखाली घालून अर्धा तास थांबायचं, असा डॉक्टरांचा नियम होता. अर्धा तास! बाहेर रांग उन्हात उभी आणि आत मी एकटी. खोटं कशाला बोलू, ज्याच्या दवाखान्याच्या कार्डावर आधीचा कोर्स नीट झाल्याची नोंद असे, त्याला मी थेंबाशिवायच टोचत असे.

त्या दुपारी माझी सलग दुसरी पाळी होती. बदलीची नर्स आलीच नव्हती आणि पायांचे तुकडे पडत होते. एक मजूर बायकोच्या खांद्याचा आधार घेत आला. पायात सळई घुसली होती, त्यावर हळद दाबून तो आठवडाभर कामावर जात राहिला. आता पाय गुडघ्यापर्यंत सुजून लाल झाला होता, अंग तापाने भाजत होतं. डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झाला तर पायच काय, माणूसही जाईल.

मी कार्ड पाहिलं. मागच्या वर्षी पूर्ण कोर्स, त्रास काही नाही.

"आधी हे घेतलंय ना?" मी विचारलं. त्याने मान हलवली. मी सिरिंज भरली, तोच बायकोने माझं मनगट धरलं.

"नका देऊ, सिस्टरबाई. गावाले असतानी हेच देल्लं होतं, तं तोंड सुजलं, दम अटकला. मरता मरता वाचले हे."

"मंग कार्डावर कावून लिवलं काही झालं नाही म्हणून?" मी तिच्याच बोलीत ओरडले.

ती खाली बघत म्हणाली, "कार्ड भासऱ्याचं हाय."

भासरा म्हणजे तिचा मोठा दीर. ही भंडाऱ्याकडची माणसं. कामावर नाव एकाच भावाचं, आणि धानकापणीला तो गावी गेला की दुसरा त्याच्या नावावर हजेरी लावायचा. ठेकेदाराला दोन हात हवे असत, चेहरा कोण बघतो? मी तरी कुठे बघत होते? मीही कार्डालाच इंजेक्शन देत होते.

"सांगतलं असतं तं नोकरी गेली असती, बाई," तो माणूस पहिल्यांदाच बोलला. "भावाची बी."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. थेंब घालून पाहिला होता का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. रागवायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. त्यांनी दुसरं औषध लिहिलं आणि पायाची सूज सावकाश उतरली.

प्रश्न उरला कार्डाचा. त्यावर लाल शाईने लिहावं तर उद्या भावाला गरज पडली तरी औषध मिळणार नाही. न लिहावं तर याला माझ्यासारखीच कुणी दमलेली नर्स टोचणार. खरं नाव लिहावं तर दोघंही कामावरून जाणार. शेवटी मी एका चिठ्ठीवर 'पेनिसिलिन मना' असं खरडलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि बायकोला म्हणाले, "कुठंही गेला तरी आधी हे दाखवायचं."

"कागद भिजन तं?"

"तुझं तू पाहा," म्हणाले मी आणि पुढच्याला हाक मारली.

दुसऱ्या वर्षी एकाला स्ट्रेचरवरून आणलं. हात लोखंडाखाली सापडला होता, शुद्ध नव्हती, सोबत घरचं कुणी नाही. खिशातल्या कार्डावर जुना कोर्स, त्रास काही नाही. मी त्याला ओळखलं नाही. रोज इतके चेहरे येत. पण त्या दुपारपासून मी थेंबाशिवाय कुणालाच टोचत नव्हते, म्हणून चांगल्या हाताची बाही वर सारली.

कोपराखाली हिरवं गोंदण होतं. त्याच्या बायकोने ते भिलाईजवळच्या उतई गावच्या बाजारात त्याच्या हातावर गोंदवून घेतलं होतं, हे नंतर कळलं. तिला वाचता येत नव्हतं आणि गोंदणारीलाही नाही, म्हणून चिठ्ठीवर होतं ते जसंच्या तसं उतरवलं होतं. 'पेनिसिलिन मना', माझ्याच घाईच्या वाकड्या अक्षरात, खालच्या दोन रेघांसकट.