पौषात चूल मोडत नाहीत

माझी थोरली जाऊ चुलीपाशी बेफिकीर होती, म्हणून जळाली, असं आमच्या गावात आजही बोलतात. बोलणाऱ्यांच्या जिभेला हाड नाही. चुलीला तिच्याइतकी जपणारी बाई मी तिवशापासून अमरावतीपर्यंत दुसरी पाहिली नाही. हे मी मरेपर्यंत सांगणार आहे, कोणी ऐको न ऐको. आजवर तरी कोणी ऐकलेलं नाही.

लग्न होऊन आले तेव्हा मला धड जाळही घालता येत नव्हता. तिनंच शिकवलं. सकाळी आधी राख काढायची, मग शेणमातीचं पोतेरं फिरवायचं, आणि फिरवताना बोटांनी चूल चाचपायची, कुठं भेग पडली का म्हणून. पदर खोचल्याशिवाय फुंकणी हातात घ्यायची नाही. लाकडाचं टोक चुलीबाहेर जळू द्यायचं नाही. शेजारी पाण्याची घागर भरलेलीच हवी. रात्री इंगळ राखेत पुरून वर खापर झाकायचं, म्हणजे सकाळी विस्तव मागायला दुसऱ्याच्या दारी जावं लागत नाही आणि ठिणगीही उडत नाही. मी हसायची. म्हणायची, “बाई, तुमी चूल सारवता का तिची नाडी पायता?” ती म्हणायची, “हास, हास. चूल आन् सासू, दोघींचा भरवसा नाई.” आणि स्वतःच खो खो हसायची.

मग ती कापसाची सालं आली. कुठंतरी दूर गोऱ्यांच्या मुलुखात लढाई पेटली म्हणे, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. अमरावतीचे व्यापारी बैलबंड्या घेऊन दारात येऊ लागले. सासरे त्यांना पाणी पाजून परत पाठवत. “अजून चढंन,” एवढंच बोलायचे. कापूस आधी ओसरीवर होता, मग माजघर भरलं, आणि शेवटी स्वयंपाकघरातही रचला. चुलीच्या मागं भिंतीला लागून आढ्यापर्यंत कापूस. आम्ही दोघी त्याच्याकडं तोंड करून भाकरी थापायचो.

पौष लागला आणि एका सकाळी तिचा हात चुलीच्या मागच्या अंगावर थांबला. मला म्हणाली, “इथं बोट घाल.” बोट आत गेलं. भेग आरपार होती.

ती सासूकडं गेली. “आत्याबाई, चुलीले मांगून तडा गेला. नवी मांडा लागंन.”

“पौषात कोनी चूल मोडते का वं? घर मोडते तशानं. मांग लिपून घे, माघात पाहू.”

तिनं लिपलं. पण ओली माती वाळायला चूल थंड राहायला हवी, आणि कापूस वेचायला आलेल्या बायांच्या भाकरी दिवसभर चालूच होत्या. लिंपण दुपारपर्यंत तडकून गळायचं. ती रोज लिंपायची, रोज गळायचं. शेवटी तिनं सासऱ्यांपुढं तोंड उघडलं. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नसे, तरी दाराआडून बोलली. “मामंजी, चुलीमांगचा कापूस तेवढा हालवा. मले भेव लागते.”

सासरे सुपारी कातरत होते. “ठेवू कुठं? उघड्यावर? दवात भिजला तं तूच घेशीन का इकत?” थोरले दीर तिथंच होते, तिचा नवरा. खाली मान घालून बसले. मला अजून त्यांचा राग येतो.

कापसाची आग लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसते. त्या सकाळी मी वेचणीला निघाले तेव्हा ती दारात उभी राहून नाक ओढत होती. “जयाल्याचा वास येऊन राह्यला.” सासू म्हणाली, “चुलीपाशी चुलीचाच वास येईन ना!” आणि माझ्यासोबत वावरात आली.

दुपारी वावरातून आमच्या घरावर धूर दिसला. आम्ही धावलो. ती अंगणात पडली होती. भोवती अर्धवट जळलेला कापूस, तिनंच कवेत धरधरून बाहेर आणलेला. गंजी उपसून ती धुमसणारी जागा शोधत होती. वारं लागलं आणि चुलीमागचं सगळं एकदम पेटलं. अंगण तर होतंच, पळायला दारही उघडं होतं. पण ती पुन्हा पुन्हा आत गेली, त्यांचा कापूस वाचवायला. संध्याकाळपर्यंत जीव होता. मला एवढंच म्हणाली, “पदर खोचला व्हता वं म्या.” खोचलेलाच होता. मी पाहिला.

तेराव्याला सासू बायांना सांगत होती, “इस्तव नीट झाकला नसंन तिनं.” मी भेगेचं बोलले, पौषाचं बोलले, कापसाचं बोलले. तर एकजण म्हणाली, जाऊ दे माय, मेलेल्या मानसाले नावं ठेवू नये. म्हणजे मीच नावं ठेवत होते!

माघात मुहूर्त पाहून नवी चूल मांडली. त्याच जागी. वैशाखात दिरांचं दुसरं लग्न झालं. नवी जाऊ माझ्याहून लहान, घाबरट पोर. रीतीप्रमाणं तिच्या गळ्यात मेलेल्या सवतीचा टाक बांधला, चांदीचा, त्यावर बाईची आकृती कोरलेली. आधी तिला निवद, मग हिनं जेवायचं. पुढच्या हंगामात चुलीमागं पुन्हा कापूस रचला गेला. सासरे अजून म्हणतच होते, चढंन. मग लढाई संपली आणि भाव असा कोसळला की व्यापारी बोलावूनही येईनात. कापूस तिथंच राहिला.

मी नव्या जावेला सगळं शिकवलं. राख, पोतेरं, भेग, घागर, खापर. भेग का चाचपायची, तेही सांगितलं. ती हो हो करायची. एके दिवशी चूल फुंकायला वाकली आणि चटकन मागं सरली. टाक गळ्यातून लोंबत चुलीच्या तोंडाशी आला होता, तापला होता. छातीवर लाल डाग उठला.

“अवं माय, पोयते हे!”

दारातून सासू म्हणाली, “पोयनच. बेफिकीर व्हती ते. तू नीट वाग, मंग नाई पोयनार.”

मी म्हटलं, “आत्याबाई, चांदी हाये. इस्तवापाशी नेली तं तापनारच.” पोरीनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं टाक दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि पुटपुटली, “बाई, माहं चुकलं. मी नाई व्हनार तुमच्यासारकी.”