चेंडू कुठे ठेवायचा ते एफी ठरवेल

एफी टार्विटला गावात आता 'नवऱ्याला नियम दाखवणारी' म्हणतात. म्हणोत. क्रेगनेसच्या लोकांच्या जिभेला हाड नाही, हे मी जन्मापासून बघतेय. पण त्या सामन्यात पंच मी होते, तेव्हा माझंही ऐकून घ्या.

एफी बंदरामागच्या शेडमध्ये हॅडक माशांना धुरी देते. सकाळी मासे, दुपारी गोल्फ. आमच्याकडे खाटीक गोल्फ खेळतो, पोस्टमन खेळतो, पाद्रीही खेळतो आणि वाईट खेळतो. एफीचा नवरा डूगल बस चालवायचा. लग्न झाल्यापासून तो तिच्या मागे उभा राहून एकच पाठ घोकतोय: "बॉल पुढे घे, पोरी. डाव्या टाचेसमोर." सहासष्ट वर्षांची झाली तरी पोरीच! लांब काठीने मारताना चेंडू डाव्या टाचेसमोर हवा, हे बरोबरच आहे. पण समुद्राचा वारा तोंडावर आला की एफी तो उजव्या पायाकडे घ्यायची, म्हणजे फटका वाऱ्याखालून जातो. तिने चेंडू मागे घेतला रे घेतला, की मागून आवाज आलाच.

जोडीच्या खेळात दोघांत एकच चेंडू, आळीपाळीने मारायचा. तिथे जोडीदाराला सांगायची मुभा असते. डूगलने ती घरीदारी वापरली. अंडं कसं फोडायचं हेसुद्धा हा माणूस तिला शिकवायचा. मासे धुरात किती वेळ ठेवायचे हे सांगायला आला, तेव्हा मात्र तिने त्याला शेडबाहेर काढून कडी लावली.

यंदा तिने जोडीत खेळायला साफ नकार दिला आणि एकेरीच्या चषकाला नाव दिलं. "एक तरी फटका मला माझ्या मनाने मारायचाय," ती मला म्हणाली. "मागून कुणी तोंड न घालता." आणि नशीब बघा, अंतिम सामन्यात समोर कोण, तर डूगल.

जास्त होल ज्याचे, सामना त्याचा; आणि शेवटच्या होलपर्यंत बरोबरी. वारा थेट तोंडावर. निम्मं गाव कुंपणाला टेकून उभं. डूगलचा पहिला फटका झाला. एफी चेंडू उजव्या पायाजवळ येईल अशी उभी राहिली आणि तिने काठी उचलली.

"बॉल फार मागे आहे गं, पोरी."

एफीने काठी खाली घेतली. "काय म्हणालास?"

"अगं, पुढे घे जरा. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

माझं डोकं असं तापलं म्हणता! एकेरीत प्रतिस्पर्ध्याला सल्ला दिला, की देणाऱ्याचा तो होल गेला. हे आमचं शेंबडं पोरही जाणतं.

"पंचबाई," एफी माझ्याकडे वळली, "याने मला सल्ला दिलाय. होल मागतेय मी."

"एफी! अगं, सवयीने गेलं तोंडातून!"

"तेच तर!" ती किंचाळली. "मी हरावं असंही तुला वाटत नाही? तुझ्याशी सामना खेळतेय मी, डूगल! एवढीही किंमत नाही माझी?"

मी होल तिला दिला, होलबरोबर चषकही. कुंपणाकडून कुणीतरी ओरडलं, "नवऱ्याशी असं वागतात का?" ओरडणाऱ्याला बायकोने कधी काही ऐकवलं नसावं, म्हणून तो असा राहिलाय.

लोक पांगू लागले. एफी जागची हलली नाही.

"सरका. मला मारायचाय."

"अगं, संपला सामना," मी म्हटलं.

"ठाऊक आहे मला."

पुन्हा तशीच उभी राहिली, चेंडू उजव्या पायाजवळ. डूगलने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने मारला. चेंडू जेमतेम गुडघाभर उडाला, उजवीकडे गेला आणि वाळूच्या खड्ड्यात पडला. चेंडू खरंच फार मागे होता. मलाही दिसलं होतं ते. म्हणून काय झालं?

"वाळूत गेला," एफी म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज उतरला होता. "पण मी घालवला."

आणि काठी खांद्यावर टाकून ती वाळूकडे निघाली. डूगल तिच्यामागे दोन पावलं गेला, आणि थांबला.