मामांच्या पोटातले पाहुणे

माझ्या मोठ्या मामांइतकी पोटाची बडदास्त ठेवणारा माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याला मामांनीच नादी लावलेलं असेल. सौंदडला त्यांच्या घरी गेलं की "कसा आहेस?" असं कोणी विचारत नसे. "पोट साफ आहे ना गा?" हीच तिथली विचारपूस, तीही अंगणातून, शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा नमस्काराला वाकली तेव्हा आशीर्वादाऐवजी हाच प्रश्न आला. बिचारी वाकलेलीच राहिली. आम्हाला हसू यायचं, पण मामांना त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ऐन चाळिशीपासून बद्धकोष्ठाने त्यांचा पिच्छा पुरवला होता. एरंडेल झालं, इसबगोल झालं, पहाटेचं कोमट पाणी तर रोजचंच. धाकट्या भावाची वरात त्यांच्यासाठी दारात खोळंबली, तेव्हा संडासातून आवाज आला, "नवरदेव थांबला तं चालते!"

साठी उलटली आणि त्यांचा उजवा हात कापू लागला. गोंदियाच्या डॉक्टरांनी पार्किन्सन असल्याचं सांगितलं आणि विचारलं, "काकाजी, पेट बहुत साल से साफ नहीं होता क्या?" मामा खुर्चीतून अर्धे उठलेच. जन्मभर जो प्रश्न ते जगाला विचारत आले, तो त्यांना विचारणारा माणूस अखेर भेटला होता. डॉक्टरांनी समजावलं की आतड्यात असंख्य जिवाणू राहतात, त्यांचा आणि या आजाराचा काही संबंध असावा, काहींच्या बाबतीत सुरुवातच पोटातून होत असावी, असा शास्त्रज्ञांना संशय आहे. पक्कं अजून काही नाही, तूर्त गोळ्या घ्यायच्या. मामांनी जिवाणू तेवढे घरी आणले, संशय दवाखान्यातच ठेवला.

त्या दिवसापासून त्यांच्या पोटात पाहुणे नांदू लागले. "आपल्या तलावासारखंच आहे ते," मला सांगायचे. "तलावात जीव नसले तं पाणी सडते. हेही जीवच. रुसले म्हणून हात हलवून राहिले." त्यांची मर्जी सांभाळायला ताक आलं, आंबील आली, रात्री पाण्यात भिजवलेला भात आला. आता मामांच्या घरची रीत अशी, की दारी पाहुणा असताना घरच्याने आधी तोंडात काही टाकायचं नाही. मग गोळी आधी कशी गिळणार? आधी पाहुण्यांना वाटीभर दही, त्यावर घट्ट वरण-भात, आणि सगळ्यांचं झाल्यावर गोळी.

"पोटात का सोयरे येऊन बसले आहेत?" मामी करवादायची.

"तुले नाही दिसत," मामा शांतपणे म्हणायचे.

कंप मात्र वाढतच गेला. घास ओठांपर्यंत पोचेना, वरण धोतरावर सांडू लागलं. गावातली एक पंगत ज्याने कधी चुकवली नाही, तो माणूस मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवू लागला. मामी भरवायला गेली तर ताट सरकवून द्यायचा. मला ते बघवत नसे. खरं सांगतो, त्या पाहुण्यांचा मला संताप यायचा.

पुढच्या तपासणीला मी सोबत गेलो. गोळी कशी घेता, असं डॉक्टरांनी विचारताच मामांनी दह्यावरणाचा सगळा थाट अभिमानाने सांगितला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काकाजी, दही-दाल के साथ गोली का असर कम हो जाता है। पहले गोली, खाली पेट। खाना थोड़ा रुक के।"

परतीच्या गाडीत मामा खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "म्हणजे त्यायले जेवू घालून घालून मीच माझी गोळी वाया घालवून राहिलो होतो का गा?"



आजार काही गेलेला नाही, जाणारही नाही. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. पण मागच्या महिन्यात गेलो तर मामा गोळी गिळून ओसरीवर बसले होते. स्वयंपाक तयार होता, मामी वाढायची थांबली होती. मामा पोटावर हात फिरवत पुटपुटत होते, "उपाशी बसवलं तुमाले, बाप्पा. राग नका धरू. जरासा दम काढा." त्यांचे डोळे भरून आले होते.

मग ते उठले आणि मागच्या खोलीकडे न जाता आमच्या पंगतीत येऊन बसले. घास सावकाश उचलला. थोडा भात ताटात परत पडला, बाकीचा तोंडात गेला. मामीने तिकडे बघितलंच नाही असं दाखवलं, आणि न विचारता त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.