गुडघ्याच्या उंचीवरचा डिस्प्ले

आमच्या बदलापूरच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर मी उट्टं काढलं, तेही आगपेटीएवढ्या रंगीत डिस्प्लेने. हे सांगताना आजही बरं वाटतं.

दोन विंग, गच्चीवर एकच टाकी. सकाळी व्हॉल्व्ह फिरवून आधी ए विंगला, मग आमच्या बी विंगला पाणी सोडायचं, दोघांना सारखा वेळ, असा नियम. व्हॉल्व्हची किल्ली सेक्रेटरीकडे आणि सेक्रेटरी ए विंगचा. आमचं पिंप अर्धं भरायच्या आत नळ सूं सूं करायला लागायचा. मी अंबरनाथच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला गेलेला असायचो, त्यामुळे बायकोच खालच्या नळावरून तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायची. शेवटी तिची कंबर धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला, वाकायचं नाही म्हणून बजावलं. मी तक्रार घेऊन गेलो तर हा गृहस्थ चारचौघांत म्हणतो, "वहिनींना तेवढाच व्यायाम!" सगळे हसले. ते हसणं माझ्या डोक्यातून जाईना.

मी इलेक्ट्रिशियन माणूस. दोन्ही विंगच्या पाइपांना पाण्याचा प्रवाह ओळखणारे सेन्सर बसवले आणि मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डाला जोडले. कुणाला किती मिनिटं पाणी गेलं ते माझ्या मोबाईलवर दिसायला लागलं. मीटिंगमध्ये दाखवलं तर सेक्रेटरी म्हणाला, "मोबाईलमध्ये काय, हवं ते दाखवता येतं." ठीक आहे बाबा. आता भिंतीवरच दाखवतो.

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून डिस्प्ले आणला. कारखान्यात मोठमोठ्या मोटारींशी झुंजणाऱ्या माणसाला त्याला लागणारे तीन-साडेतीन व्होल्ट म्हणजे पोरखेळ वाटतो. मी बेफिकिरीने पाच दिले आणि डिस्प्ले जागच्या जागी मेला. दुसरा घ्यायला गेलो तेव्हा सिंधी दुकानदार म्हणाला, "साईं, नाजूक चीज़ है, प्यार से लगाओ." प्यार कुठून आणू? माझ्या डोक्यात फक्त सेक्रेटरी होता. दुसरा लागला, पण नुसताच पांढरा. प्रोग्रॅममध्ये त्याच्या चिपचं नाव चुकलं होतं. ते सुधारलं तर ए विंगची मिनिटं दाखवणारी लाल पट्टी निळी दिसायला लागली. निळ्याने माझं समाधान होणार नव्हतं, मला लालभडकच हवी होती. रंगांचा क्रम उलटा केला, तेव्हा हवी तशी उमटली.

लॉबीत नोटीस बोर्डाखाली तो लावला, मुद्दाम गुडघ्याच्या उंचीवर. सेक्रेटरी चांगला सहा फुटी. त्याला सगळ्यांदेखत वाकवायचं होतं.

रविवारी सकाळी पाणी सुटलं आणि लोक जमले. ए विंग पन्नास मिनिटं, बी विंग चौदा. ए विंगच्याच एका काकूंनी त्याला हाक मारली, "अहो सेक्रेटरी, हे काय लिहिलंय, वाचा की जरा." तो चष्मा सावरत वाकला. पार कमरेतून वाकला. वर आला तेव्हा कान लाल झाले होते. त्याने व्हॉल्व्हची किल्ली वॉचमनच्या हातात ठेवली आणि निघून गेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

गर्दी पांगल्यावर बायको पट्ट्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरत आली. तिला ते आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे होते. डिस्प्लेसमोर ती जरा खाली व्हायला गेली आणि कळ आली तशी भिंत धरून थांबली.

"अहो, एवढ्या खाली लावलंत होय? वाचून दाखवा मग."

मी गुडघ्यांवर बसलो. सेक्रेटरीइतकाच वाकून तिला आकडे वाचून दाखवले.