उपवासाचं मीठ

माझ्या सासऱ्यांना मी चोर ठरवलं होतं. मनातल्या मनात नाही, चारचौघींत, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर. हे लिहितानाही कान गरम होतात, पण लिहायचंच तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

राज्य नवीन झालं होतं आणि रायपूर राजधानी झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. यजमान सरकारी नोकरीत. नवी खाती, नवे साहेब, त्यामुळे ते घरात असून नसल्यासारखेच. सासरे रेल्वेतून रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आले होते. आमच्या विदर्भातल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणायची. ताटात पडेल ते मुकाट्याने खाणारा माणूस. आवाज कधी चढला नाही, तक्रार कधी केली नाही. असा माणूस घरात असला की माझ्यासारखीचं फावतं.

त्यांचे पाय सुजायला लागले म्हणून समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या आणि किडन्या कमजोर झाल्याचं निघालं. डॉक्टर शांतपणे समजावणारे होते. गोळ्या मी देतो, म्हणाले, पण अर्धा इलाज घरातच आहे. मीठ अगदी कमी, ब्लडप्रेशर ताब्यात, रोज सकाळी फिरणं, वेळेवर झोप, गुडघेदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत, पाणी सांगू तेवढंच. नीट सांभाळलं तर या किडन्या अजून बरीच वर्षं साथ देतील. नाही सांभाळलं तर मशीनवर जावं लागेल.

मला भीती वाटायच्या ऐवजी हुरूप आला, हेही कबूल करते. निसर्गोपचाराचं एक शिबिर करून आलेली बाई मी. मोहल्ल्यात कोणाला सर्दी झाली तरी सल्ला द्यायला तयार. मी फ्रीजवर तक्ता लावला. सकाळी फिरणं, मग प्राणायाम, दुपारी डोळे मिटून अर्धा तास पडणं, रात्री लवकर जेवण. लोणचं, पापड, सांडगे, फरसाण घरातून हद्दपार. गुडघ्यांना गोळीऐवजी तिळाच्या तेलाची मालिश. मामाजी सगळं करत. सकाळी फिरून आले की चेहरा असा खुललेला असे की मीच माझी पाठ थोपटून घ्यायची.

आणि मीठ. डॉक्टरांनी कमी सांगितलं होतं, मी बंदच केलं. म्हणजे, बंद केलं असं समजत होते. माहेरी काय आणि सासरी काय, चतुर्थी-एकादशीला मिठाला कोणी हात लावत नसे, उपवासाला सैंधव. जे उपवासाला चालतं ते मीठ नव्हेच, हे माझ्या डोक्यात लहानपणापासून इतकं पक्कं होतं की त्यावर विचार करावा असंही कधी वाटलं नाही. गोलबाजारातून मी सैंधवाचे गुलाबी खडे आणले, खलबत्त्यात कुटले आणि मामाजींच्या वेगळ्या भाजीत, वरणात घालू लागले. चव मवाळ वाटे म्हणून सढळ हाताने. ताट वाढताना रोज न चुकता सांगायची, "मामाजी, बिनमिठाचं आहे बरं का."

तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायला गेलो, तर ब्लडप्रेशर वाढलेलं आणि पायांवर सूज तशीच. डॉक्टरांनी विचारलं, "नमक चल रहा है क्या?"

"बिल्कुल नहीं," मी ताठ मानेने सांगितलं.

डॉक्टरांनी मामाजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. घरच्या ताटात मीठ नाही, तर बाहेरून येत असणार. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पिशवीत, सदऱ्याच्या खिशात हात घालून पाहिलं. काही सापडलं नाही, तरी माझा संशय वाढलाच. सकाळी ते पंडरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बाईच्या चना-मुर्र्याच्या, म्हणजे चणे-मुरमुऱ्यांच्या, गाडीपाशी बाकावर टेकत, हे मला माहीत होतं. मी तरातरा तिथे गेले. "बाबूजींना खारे चने देऊ नको," म्हणून तिला दम भरला.

ती बिचारी गोंधळली. "बाबूजी त बिन नून के मुर्रा खाथे, दीदी," ती म्हणाली. नून म्हणजे मीठ. मी त्यातलं एक अक्षर खरं मानलं नाही. दोघांचं संगनमत आहे, असंच मला वाटलं.

घरी येऊन मामाजींना म्हटलं, "तुम्ही असं काहून करून राहिले? किडन्या तुमच्या आहेत ना?"

"मी काही खाल्लं नाही बाई," ते म्हणाले.

"मग सूज काय वरून पडली?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्यांचं फिरणं बंद केलं. फिरायचं तर गच्चीवर फिरा, माझ्या डोळ्यांसमोर. जे एक औषध खरंच लागू पडत होतं, तेच मी काढून घेतलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून मी बोलायला उभी राहिले. किडनी कशी सांभाळावी, घरातल्या घरात काय काय करता येतं, असं सगळं छान सांगितलं. शेवटी हसत हसत म्हणाले, "आम्ही कितीही जीव तोडला तरी आमचे मामाजी बाहेर जाऊन चोरून खातात, त्याला काय करणार!" बायका खळखळून हसल्या. एक म्हणाली, "बुढ़ापे में सब बच्चे हो जाते हैं." मामाजी शेजारच्या खोलीत होते. मध्ये फक्त पडदा होता.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आम्हाला आहार सांगणाऱ्या एका तरुण मुलीकडे पाठवलं. तिने चौकशी अगदी स्वयंपाकघरात शिरल्यासारखी केली. तेल किती, डाळ किती, फोडणीत काय.

"और नमक?"

"नमक नहीं. सेंधा डालती हूँ."

"कितना?"

मी चमचा दाखवल्यासारखी बोटं केली. तिने पेन खाली ठेवलं. "दीदी, सेंधा भी नमक ही है," ती हळूच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात मामाजी पुढे सरकले आणि तिला म्हणाले, "इनकी गलती नहीं है बेटा. मैंने ही ज़िद की थी, फीका खाया नहीं जाता." धडधडीत खोटं. सैंधव घालते हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. आणि मी? मी त्यांचं ते खोटं तसंच राहू दिलं. मान खाली घालून ऐकून घेतलं आणि कागद पिशवीत टाकला.

सैंधव बंद झालं. दोन महिन्यांत सूज उतरली, ब्लडप्रेशर खाली आलं. किडन्यांचं जे नुकसान झालं होतं ते मात्र भरून आलं नाही; डॉक्टरांनी ते साध्या शब्दांत सांगितलं. एका मैत्रिणीने वाटेत गाठून विचारलं, "मामाजींचं चोरून खाणं सुटलं का?" मी म्हणाले, "सुटलं."

त्या एका शब्दाने मला दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गच्चीवर एकटेच फेऱ्या मारत होते, तिथे गेले. चूक माझी होती, मामाजी, तुमच्यावर उगाच आळ घेतला, असं एका दमात बोलून टाकलं. रडू आलं. रडतानाही माझा स्वभाव जाईना, उलट त्यांनाच विचारलं, "पण तुम्ही तेव्हाच काहून नाही बोलले?"

ते कठड्याला धरून उभे राहिले. चिडले नव्हते. खरंच आठवत असल्यासारखे म्हणाले, "भाजी मले खारट लागे बाई. पण तू रोज म्हणे, मीठ नाही. मले वाटलं, माझीच जीभ गेली."