बदललेली नोंद
तुमसरला धानाच्या बियाण्याच्या एका दुकानात मी संगणकावर नोंदी ठेवते. धान निसवल्यावर एकदा सिहोऱ्याचे एक म्हातारे शेतकरी हातात लोंब घेऊन आले.

"बाई, मी बारीक धान नेलो होतो. हा ठोकळ काहून निंगाला?"

त्यांच्या पावतीवर बारीक होतं, संगणकात मात्र ठोकळ, म्हणजे जाड दाण्याचं. म्हणजे पावती झाल्यावर कोणीतरी नोंदीतलं वाण बदललं होतं, आणि गोदामातून पोतं नोंदीप्रमाणेच निघतं. आम्ही चौघं एकाच पासवर्डने काम करायचो आणि फक्त शेवटची नोंद उरायची. कदाचित मीच बदललं असेल, मला आठवेना.

"मले मालूम नाही, काका," एवढंच मी म्हणाले. ते लोंब टेबलावर ठेवून निघून गेले.

मग मालकांच्या मागे लागून चौघांचे पासवर्ड वेगळे करून घेतले. आता जुनी नोंद पुसली जात नाही. तिच्याखाली नवी येते, नावासकट आणि कारणासकट. दिवसभर कारणं लिहून जीव विटतो. यंदा पेरणीच्या तोंडावर एक चूक सापडली, ती माझ्याच नावावर होती. चुकीचं बियाणं गेलेल्या शेतकऱ्याला मी लगेच फोन करून पेरणी थांबवायला सांगितलं. लाज वाटली, पण निदान काय झालं ते सांगता आलं.